छोट्या गाडीचं इंजिन ऑइल: कोणतं घ्यायचं आणि कसं बदलायचं

फ्री सर्व्हिस संपल्या की पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर प्रश्न येतो, “सर, साधं टाकू की सिंथेटिक?” फ्री सर्व्हिसमध्येही फ्री असते ती मजुरी. तेलाचे आणि फिल्टरचे पैसे तेव्हाही लागतातच, फक्त निवड आपल्याला कोणी विचारलेली नसते. आता विचारली की सोबत आलेला मेव्हणा म्हणतो महागातलं घे, गल्लीतला मेकॅनिक म्हणतो आपल्याकडे ऊन फार, घट्ट तेल टाका, आणि काउंटरवरचा माणूस तिसरंच काहीतरी बिलात लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं साधंसुधं तेल वेळेवर बदलणं, हे महागडं तेल भरून मुदतीच्या दीडपट पळवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पुढचं सगळं लिहिताना डोळ्यांसमोर वॅगनआर, स्विफ्ट, आय१०, टियागो अशा पेट्रोल आणि सीएनजी गाड्या आहेत. माझी वॅगनआर आहे. डिझेलचं वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

१. आधी मॅन्युअल काढा

डॅशबोर्डच्या खणात विम्याच्या कागदांखाली ते दडलेलं असतं. गाडी जुनी घेतली असेल आणि पुस्तक मिळालं नसेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्षानुसार पीडीएफ मिळते. त्यातून चार गोष्टी मोबाइलमध्ये उतरवून घ्या:

- ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असं काहीतरी
- दर्जा, म्हणजे एपीआय एसएन, एसपी वगैरे (एपीआय ही तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था)
- तेल किती लिटर लागतं
- किती किलोमीटर किंवा किती महिन्यांनी बदलायचं

तिसऱ्या मुद्द्यात एक गोम आहे. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात, एक फिल्टर बदलला तर आणि एक न बदलता. आपण फिल्टर दर वेळी बदलणार आहोत, म्हणून मोठा आकडा आपला. एक लिटरच्या इंजिनाला तो तीन लिटरच्या आसपास असतो. मॉडेलनुसार थोडा फरक पडतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका.

मॅन्युअलसोबत सर्व्हिस बुक, वॉरंटीचे कागद आणि मागच्या सर्व्हिसचं बिलही काढून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर घरी तेल बदलण्याच्या भानगडीत पडू नका. उद्या इंजिनाचं काही निघालं तर पहिल्यांदा शिक्के आणि बिलंच बघितली जातात. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तीही मोजा, ती बरेच जण विसरतात.

२. डब्यावरचे आकडे वाचायला शिका

५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला. दुसरा आकडा तेल तापल्यावरचा आहे: १०० अंशांना ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) या मर्यादेत बसावं लागतं, २० ग्रेडचं ६.९ ते ९.३ मध्ये. ही एकके पाठ करायची नाहीत. दुसरा आकडा मोठा म्हणजे तापल्यावर तेल जास्त घट्ट, एवढं पुरे.

आता नेहमीचा आक्षेप. आपल्याकडे उणे ३० कुठे आलंय? अकोल्याला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. मग २०डब्ल्यू-५०सारखं घट्ट तेल नको का?

बहुतेक नव्या गाड्यांना नको. गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर अकोल्याचा मे असो की नाशिकचा डिसेंबर, चालत्या इंजिनाच्या पोटातलं हवामान फारसं बदलत नाही. खरी अडचण सकाळी चावी फिरवताना असते. ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांना, १०० अंशांच्या तुलनेत, पाच-सहापट घट्ट असतं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने नागपूरची मे महिन्यातली पहाटसुद्धा थंडच. त्या पहिल्या काही सेकंदांत तेल वरपर्यंत लवकर पोचणं महत्त्वाचं. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते आणि तिच्या वाटा अगदी बारीक असतात. तिथे २०डब्ल्यू-५० घातलं की सुरुवातीला खडखड वाढते, मायलेज घसरतं आणि मेकॅनिक म्हणतो, “बघा, इंजिन जुनं झालं.”

काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. असला तर त्यातलं कुठलंही चालेल. तक्त्यात नसलेली ग्रेड मात्र घालू नका. हे उलट बाजूनेही खरं आहे. हल्लीच्या काही पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ तेल सांगितलेलं असतं. ते नवं आणि आधुनिक म्हणून पंधरा वर्षांच्या गाडीत ओतायचं नाही.

ग्रेडनंतर दर्जा. एपीआयच्या अक्षरांत पेट्रोलसाठी ‘एस’ने सुरुवात होते आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं एसपी बिनधास्त घाला. मागचं घालू नका. दुचाकीचं तेल तर अजिबात नको. त्यात ओल्या क्लचला घसरू न देण्याची सोय असते आणि कारच्या इंजिनाला तिचा उपयोग नाही.

डिझेलवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. त्याला कमी राख सोडणारं तेल लागतं आणि डब्यावर एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी२, सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये असं अक्षर असेल तर ते डब्यावर दिसलंच पाहिजे. चुकीच्या तेलाने डीपीएफ लवकर चोंदतो आणि त्याची किंमत ऐकली की तेलावर वाचवलेले पैसे आठवतात.

३. मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक?

या प्रश्नावर लोक उगाच रात्री जागवतात. मिनरल म्हणजे कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं साधं तेल, सिंथेटिक म्हणजे जास्त प्रक्रिया करून बनवलेलं, आणि सेमी म्हणजे दोन्हींचं मिश्रण. सिंथेटिक तेल जास्त उष्णतेत टिकतं, थंडीत पातळ राहतं आणि त्यात गाळ कमी धरतो. ०डब्ल्यू-२०सारख्या पातळ ग्रेडी तशाही सिंथेटिकमध्येच मिळतात, म्हणजे तिथे निवड उरतच नाही. गाडी टर्बोची असेल तर सिंथेटिकच घ्या. टर्बोच्या बेअरिंगजवळ तेल फार तापतं.

साधं पेट्रोल इंजिन, ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० चालणारं, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर धावणारं असेल, तर सेमी सिंथेटिक पुरतं. फुल सिंथेटिक घातलं तर नुकसान काही नाही. फक्त ‘सिंथेटिक आहे, वीस हजार चालेल’ हे वाक्य विसरून जा. मुदत मॅन्युअलची.

ब्रँडवरून मी भांडत नाही. कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, गल्फ, इंडियन ऑइलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक, किंवा गाडीच्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेलं: ग्रेड आणि दर्जा जुळला की झालं.

४. कधी बदलायचं

बहुतेक छोट्या गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते. ‘जे आधी होईल ते’ हे शब्द सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहेत. “माझी गाडी वर्षात चारच हजार चालली, मग कशाला बदलू?” असं विचारणारा माणूस दर सोसायटीत एक तरी असतो.

नेमकी त्याचीच गाडी बिकट वापरात मोडते. मुलांना शाळेत सोडायचं, भाजी आणायची, दोन किलोमीटर जायचं आणि बंद करायची. इंजिन पुरतं तापतच नाही. ज्वलनातून आलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळ मिळत नाही, ते तेलात उतरत राहतं. मॅन्युअलमध्ये अशा वापरासाठी कमी मुदतीचा वेगळा तक्ता असतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी आणि गावाकडच्या धुळीच्या रस्त्यावर रोज जाणारी गाडी, दोन्ही याच तक्त्यात येतात.

रंगावरून ठरवू नका. डिझेल गाडीत नवं तेल काही दिवसांत काळं पडतं आणि ते ठीक असतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तेल महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतं, कारण काजळी फारशी होत नाही. तेलात मिसळलेली संरक्षक द्रव्यं मात्र खर्ची पडतच असतात. डीपस्टिकवरच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरच्या, थेंबाला बोट लावून “अजून चालेल” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

५. खरेदी

तेल पेट्रोल पंपावरून, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा गाडीच्या कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून घ्या, आणि पक्कं बिल मागा. नकली तेलाचा धंदा मोठा आहे आणि त्याचा कच्चा माल म्हणजे आपण टाकून दिलेले रिकामे डबे. झाकणाची कडी अखंड आहे का, खालची सील नीट बसलीय का, डब्यावरचा आणि झाकणावरचा बॅच व तारखेचा मजकूर पुसट नाही ना, हे बघा. क्यूआर किंवा खरवडायचा कोड असेल तर दुकानातच तपासा. आपला डबा रिकामा झाला की सुरीने भोक पाडूनच भंगारात द्या.

डबे तीन, साडेतीन, चार लिटरचे मिळतात. तुमच्या आकड्याहून थोडा मोठा घ्या. उरलेलं तेल पुढे टॉप-अपला लागतं.

तेलासोबत दोन वस्तू घ्यायच्या: ऑइल फिल्टर आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, नटाचा नवा वायसर. वायसर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो आणि नट आवळताना थोडा दबून सील करतो. एकदा दबलेला परत वापरला की थेंब-थेंब गळती सुरू होते. किंमत नगण्य, म्हणून मेकॅनिकही विसरतो आणि आपणही.

६. घरी करायचं की गॅरेजात?

स्वतःच्या बंगल्याचं अंगण असेल तर घरी करा. फ्लॅटमध्ये राहत असाल, पार्किंगच्या फरशीवर तेल सांडलं की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे जमतात हे माहीत असेल, तर तेल, फिल्टर, वायसर स्वतः घ्या आणि खड्डा किंवा लिफ्ट असलेल्या ओळखीच्या गॅरेजात जा. मजुरी फार लागत नाही. समोर उभं राहा, सीलबंद डबा आपल्या डोळ्यांदेखत उघडायला लावा. पहिल्यांदा तरी मी हाच मार्ग सुचवेन. एकदा बघितलं की पुढच्या वेळी घरी करायला धीर येतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक वेळा पिंपातलं सुटं तेल भरतात. त्यात वावगं काही नाही. फक्त बिलावर ग्रेड आणि लिटर तपासा. मॅन्युअलमध्ये तीनच्या आत असेल आणि बिलात साडेतीन असेल तर विचारा. जॉब कार्डवर सही करण्याआधी ‘इंजिन फ्लश’, ‘ऑइल ट्रीटमेंट’, ‘डिकार्बनायझिंग’ असं काही लिहिलंय का तेही बघा. मॅन्युअलमध्ये नसेल तर नको म्हणा.

घरी करायचं ठरलं तर हे जमवा: नटाच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना (बहुतेकांना १४ किंवा १७ चा, आधी लावून बघा), फिल्टर सोडवायचा पट्टा, पाच लिटर मावेल असं पसरट घमेलं किंवा टब, नरसाळं, नायट्राइलचे हातमोजे, फडकी, जुनी वर्तमानपत्रं आणि दोन जॅक स्टँड किंवा गाडी चढवायचे रॅम्प.

स्टँडवर तडजोड नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते वजनाखाली अचानक फुटतात. सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. गाडी स्टँडवर टेकल्यावर हाताने हलवून बघा. मगच खाली जा.

७. जुनं तेल काढणं

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट तेल पटकन वाहतं आणि गाळही सोबत घेऊन येतं. हायवेवरून आल्या-आल्या मात्र करू नका, हात भाजतो. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो. बोनेट उघडून तेल भरायचं झाकण आणि डीपस्टिक सैल करा, म्हणजे खालून धार नीट पडते.

आता सगळ्यात मोठा धोका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिनाचं चेंबर आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात आणि दोघांनाही खाली नट असतो. नवखा माणूस गिअरबॉक्सचा नट उघडतो, गिअर ऑइल काढून टाकतो आणि वरून इंजिनात नवं तेल भरतो. म्हणजे इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. मॅन्युअलमधलं चित्र बघा, नट नक्की कोणाचा आहे याची खात्री करा. बाहेर आलेलं तेल फिकट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं वाटलं, तर लगेच नट परत लावा.

दुसरी गोष्ट दिशेची. खालून बघताना नट घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो. पाठीवर झोपल्यावर डोकं फिरतं आणि माणूस सोडवायच्या ऐवजी जोर लावून आवळतो. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर आटे जातात, आणि मग टेफ्लॉनच्या टेपपासून नवं चेंबर घालण्यापर्यंतचा प्रवास सुरू होतो.

नट सैल झाला की शेवटचे आटे बोटांनी, आत दाबत-दाबत सोडवा आणि एकदम बाजूला घ्या. धार आधी लांब पडते, मग सरळ खाली. घमेलं त्या हिशेबाने सरकवा. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. नटाला बारीक चमकणारे कण लागलेत का बघा. पिठासारखी करडी पूड किरकोळ असते, टोचतील असे तुकडे असतील तर मेकॅनिकला दाखवा.

नवा वायसर घालून नट आधी हातानेच पूर्ण बसवा, मग पाना लावा. टॉर्क रेंच (ठरलेल्याच जोराने आवळणारा पाना) असेल तर मॅन्युअलचा आकडा, बहुतेक छोट्या गाड्यांत ३० ते ४० न्यूटन-मीटर. नसेल तर लहान दांड्याचा पाना घ्या आणि वायसर दबल्याचं जाणवलं की थांबा. पान्याला पाइप लावून आवळायचा नाही.

८. फिल्टर

फिल्टर सोडवताना त्यातलंही तेल सांडतं, म्हणून घमेलं खालीच असू द्या. निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आलीय ना, हे बघा. कधी कधी ती इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक होतात, गाडी सुरू करताच दाबाने तेल बाहेर येतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं.

नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या तेलाचं बोट फिरवा. हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या आणि पुढे पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. पट्टा सोडवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही.

काही इंजिनांत, उदाहरणार्थ जुन्या स्विफ्ट-डिझायरच्या १.३ लिटर डिझेलमध्ये, फिल्टर डब्याऐवजी कागदी असतो आणि एका कपात बसतो. तिथे कपाची ओ-रिंगही बदलायची. ती नव्या फिल्टरच्या खोक्यात मिळते.

९. नवं तेल भरणं

सगळा डबा एकदम ओतू नका. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, दोन-तीन मिनिटं थांबा, डीपस्टिक पुसून परत घालून बघा. मग थोडं-थोडं वाढवा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास फरक असतो, त्यावरून अंदाज येतो.

झाकण लावा, इंजिन सुरू करा, एक्सलेटर दाबू नका. तेलाच्या झारीचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालू ठेवून नटाजवळ आणि फिल्टरजवळ वाकून बघा. बंद करून गाडी सपाट जमिनीवर उतरवा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा डीपस्टिक. पहिल्यांदा जेवढं दिसलं होतं त्यापेक्षा कमी दिसेल, कारण फिल्टर भरलेला असतो. वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून सोडा.

वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं तर “थोडं जास्त बरं” असं म्हणू नका. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, तेलात आपटून फेस करतो, फेसाने वंगण होत नाही, आणि सीलमधून गळती सुरू होते. जास्तीचं तेल काढून टाका.

१०. काळ्या तेलाचं काय करायचं

गटारात, झाडाच्या बुंध्याशी, रिकाम्या प्लॉटवर: कुठेही नाही. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. गावाकडे ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगवाले प्लेटांना लावतात. वर्षानुवर्षं चालत आलंय, पण त्यात धातूचे कण आणि ज्वलनातली विषारी द्रव्यं असतात, ती हातांच्या कातडीतून आणि जमिनीतून जातातच. रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि जिथे पिंपात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला देतात अशा गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये पोचवा. डब्याला भोक त्यानंतर पाडा. जुना फिल्टर आधी उलटा करून रात्रभर निथळू द्या.

११. पुढचे काही आठवडे

सर्व्हिस बुकात तारीख, किलोमीटर, तेलाचं नाव, ग्रेड आणि लिटर लिहा. बिल त्यालाच टाचून ठेवा. गाडी विकताना हे कागद कामाला येतात.

पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना डीपस्टिक बघा. थोडं कमी होणं चालतं. टॉप-अप त्याच ग्रेडचं करा, ब्रँड वेगळा असला तरी हरकत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये पातळी उलट वाढलेली दिसली तर तेलात डिझेल उतरतंय असं समजा. डीपीएफ साफ होण्याची प्रक्रिया शहरी वापरात वारंवार अर्धवट राहिली की हे होतं. ते तेल मुदतीआधीच बदलावं लागतं.

पावसाळ्यात तेलाच्या झाकणाखाली थोडा दुधट फेस दिसला आणि डीपस्टिकवर तेल स्वच्छ असेल, तर तो बहुधा वाफेचा असतो. एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की जातो. डीपस्टिकवरच दुधाच्या कॉफीसारखं तेल दिसलं तर गाडी चालवू नका, कूलंट तेलात मिसळतंय. आणि गाडी पुराच्या पाण्यात इंजिनापर्यंत उभी राहिली असेल, २०१९ला सांगली-कोल्हापुरात कितीतरी गाड्या तशा होत्या, तर पाणी ओसरल्यावर “सुरू होते का बघू” म्हणून चावी फिरवायची नाही. टो करून न्या. आधी तेल, फिल्टर आणि हवेचा मार्ग तपासायचा, मग स्टार्टर.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. झिजलेल्या इंजिनाची तापल्यावरची खडखड दाबायला काही विक्रेते घट्ट तेल भरतात. सौदा पक्का करण्याआधी गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगा आणि सकाळी पहिला स्टार्ट स्वतः मारा, मागे धूर निळा येतो का बघा. घेतलीच तर आधीच्या मालकाने काय घातलंय यावर न जाता पहिल्याच आठवड्यात मॅन्युअलच्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर घाला.